तलफ आल्यावर ध्यानाला बसू नका : दारू सोडल्यानंतर सजगतेचा सराव कोणत्या क्रमाने करावा

दारू सोडलेल्यांच्या फॉलोअप ग्रुपमध्ये दर महिन्याला एक तरी जण म्हणतो, "ध्यानबिन करून पाहिलं, आपल्याच्याने नाही होत." कधी केलंस, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. संध्याकाळी सात वाजता, तलफ डोक्यात चढल्यावर, देवघरासमोर, डोळे गच्च मिटून. तहान लागल्यावर विहीर खणायला घ्यायची, त्यातला हा प्रकार. आणि इथे तर तहानही भलतीच.

मी स्वतः दारू सोडलेला माणूस आहे. पहिल्या खेपेला मीही हेच केलं आणि अर्ध्या तासाने वाइन शॉपच्या रांगेत उभा होतो. सराव चुकीचा नव्हता, क्रम चुकला होता. म्हणून इथे फक्त क्रम सांगतो.

सजगता म्हणजे मन रिकामं करणं नव्हे. आत्ता अंगात आणि डोक्यात काय चाललंय ते बघायचं. त्याच्याशी भांडायचं नाही आणि त्याचं ऐकायचंही नाही, एवढंच. तलफ घालवण्यासाठी हे करू नका, ती आपल्या सांगण्याने जात नाही. ती आलेली असताना हातपाय आपल्या ताब्यात राहावेत, यासाठी करा.

पायरी १ : आधी शरीर

रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली की शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतात. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं बोलतात, वेळकाळ कळत नाही. ही अवस्था जिवावर बेतते. तिच्यावर श्वासाचा उपाय नाही, डॉक्टरांचा आहे.

सावधान : थरथर, फिट, भ्रम किंवा ताप असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि दवाखान्यात जा. झोपेच्या गोळ्या रोज घेत असाल तर त्याही स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, त्यातही फिटचा धोका असतो. कुठे जायचं कळत नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६, दोन्हींवर फोनला पैसे पडत नाहीत.

इथे दोन चुका वारंवार होतात.

पहिली चूक घरच्यांची. "याला इगतपुरीला दहा दिवस पाठवू, सुधारून येईल." विपश्यनेचं शिबिर वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. पण तिथे पहाटे चारला घंटा होते, दिवसाला दहाएक तास बसायचं असतं, बोलणं बंद, फोन बंद. ज्याचं शरीर अजून दारूतून बाहेर पडतंय, ज्याला रात्री दोन तास सलग झोप नाही, त्याच्यासाठी ही सुरुवात नव्हे. पुढे कधी जायचं असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा आणि अर्जात व्यसन किंवा औषधं लपवू नका.

दुसरी चूक आपली. श्वास जमायला लागला की औषधं बंद. डायसल्फिराम (ही चालू असताना प्यायलं की त्रास होतो ती गोळी) असो, तलफ कमी करणारी गोळी असो, झोपेची असो, ती डॉक्टरांनी सुरू केली आहे आणि तेच बंद करतील.

तपासा : सलग पाच दिवस थरथर नाही, जेवण पोटात टिकतंय, तुटक का होईना झोप लागते, डॉक्टरांनी पाहिलं आहे. चारही उत्तरं "हो" असतील तरच पुढे.

पायरी २ : जागा, वेळ आणि एक वही

जिथे बसून प्यायचात तिथे बसू नका. गॅलरीतली ती खुर्ची, गच्चीवरचा तो कोपरा, बंद खोली, सगळं वगळा. शरीराला जागा लक्षात राहते. एकाने ग्रुपमध्ये सांगितलं होतं, की जुन्या खुर्चीत ध्यानाला बसलो आणि उजवा हात आपोआप खाली, खुर्चीच्या पायाशी गेला. बाटली तिथेच असायची.

वेळ सकाळची ठेवा. पहिला चहा झाल्यावर, अंघोळीच्या आधी. जुनी पिण्याची वेळ सरावासाठी मुळीच नको. ताठ पाठीची साधी खुर्ची घ्या, पाय जमिनीला टेकलेले हवेत. मांडी घालायचा हट्ट नको. गुडघे दुखायला लागले की पाच मिनिटं त्यांच्याशीच भांडण्यात जातात.

उदबत्तीही नको. आमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती वास लपवण्यासाठीच जाळलेली असते.

एक वही आणि पेन लागेल. मोबाइलवर लिहू नका. मोबाइल उघडला की जुन्या मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप समोर येतो. तो ग्रुप आधी सोडा. हे सजगतेत मोडत नाही, पण सोडा.

पायरी ३ : आधी पाय, मग श्वास

बहुतेक जण थेट श्वासापासून सुरू करतात. नव्याने दारू सोडलेल्या माणसाची छाती आधीच आवळलेली असते. श्वासाकडे बघायला लागलं की "पुरेसा येत नाहीये" अशी भीती वाटते आणि घाबरा होऊन तो उठतो. म्हणून पहिला आठवडा पायांचा.

१. खुर्चीत बसा. डोळे उघडे, नजर समोरच्या फरशीवर सैल सोडलेली.

२. तीन मिनिटांचा गजर लावा.

३. तळव्यांना काय जाणवतं ते बघा. फरशीचा गारवा, टाचेवरचा भार, बोटांमधली हवा. चपला काढून बसलात तर सोपं जातं.

४. मन जाईल. हप्ता आठवेल, काल सासरे काय म्हणाले ते आठवेल. गेलं हे कळलं की परत पायांवर या. स्वतःला शिव्या न देता.

दुसऱ्या आठवड्यात पहिलं मिनिट पायांना, उरलेलं श्वासाला. श्वास लांबवायचा नाही, धरून ठेवायचा नाही. बाहेर जाणारा प्रत्येक श्वास मोजा, एक ते दहा. आकडा चुकला की पुन्हा एकपासून. अस्वस्थ वाटत असेल तेवढ्यापुरतं चार मोजत आत आणि सहा मोजत बाहेर असे काही श्वास घ्या. श्वास सोडणं लांबलं की ठोके थोडे मंदावतात.

तिसऱ्या आठवड्यापासून पाच मिनिटं, मग हळूहळू दहा. त्यापुढे जायची घाई नको. एकदाच चाळीस मिनिटं बसून आठवडाभर गायब होणाऱ्यापेक्षा रोज तीन मिनिटं बसणारा पुढे जातो, हे मी ग्रुपमध्ये पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

इथली मोठी चूक म्हणजे "शांत वाटलं का?" हा प्रश्न. शांत वाटणार नाही. पहिले काही आठवडे उलट जास्त अस्वस्थ वाटेल, कारण इतकी वर्षं जे दारूखाली दाबलं ते आता जाणवायला लागलेलं असतं. मन भरकटलं हे ज्या क्षणी लक्षात आलं, तो क्षण म्हणजेच सराव. तीन मिनिटांत वीस वेळा भरकटून वीस वेळा परत आलात, तर वीस वेळा सराव झाला.

सावधान : जुना मार, अपघात, कुणाचा मृत्यू असं काही डोळ्यांसमोर येऊन अंग थिजलं, तर तिथेच थांबा. उभे राहा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, तोंडावर पाणी मारा. "सहन करून बसतो" हा हट्ट नको. समुपदेशकाला सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तपासा : १४ दिवसांपैकी १० दिवस तरी बसलात का? नसाल तर आणखी दोन आठवडे इथेच.

पायरी ४ : रोजचं एक काम, पूर्ण लक्ष देऊन

दिवसातलं एक काम निवडा. मी चहा निवडला होता. पाणी तापताना तळाशी आधी बारीक बुडबुडे धरतात, मग ते सुटतात. आलं किसलं की वास आधी बोटांना येतो, मग नाकाला. दूध घातल्यावर रंग कडेकडून बदलतो. वीस वर्षं चहा पीत होतो आणि हे कधी पाहिलं नव्हतं, कारण सकाळचा चहा म्हणजे हात थरथरताना कसाबसा ओठांपर्यंत न्यायचा कप.

भांडी घासा, अंगण झाडा, झाडांना पाणी घाला, काहीही चालेल. खाण्याचा सराव करायचा असेल तर एक मनुका किंवा गुळाचा खडा घ्या. शेंगदाणे, फुटाणे, चणाडाळ नको. तो चकणा आहे आणि जिभेला ते ठाऊक आहे.

पायरी ५ : तलफेची नोंद

आता वही उघडा. दिवसात जेव्हा जेव्हा ओढ जाणवेल तेव्हा चार गोष्टी लिहा. वेळ आणि जागा, त्याआधी काय झालं, अंगात कुठे काय जाणवलं, आणि दहापैकी किती जोर. माझ्या वहीतली एक नोंद अशी :

"मंगळवार ६.४०. स्टेशनबाहेर. साहेब सगळ्यांदेखत बोलले. डबा खाल्ला नाही. जबडा घट्ट, तोंडाला पाणी, मान जड. ६."

"डबा खाल्ला नाही" हे मी सहज लिहिलं होतं. दोन आठवड्यांनी पानं उलटून पाहिली तर जोरदार तलफांच्या निम्म्याहून अधिक नोंदींत ते होतं. मी समजत होतो साहेबांमुळे पितो. साहेब काही बदलले नाहीत, पण पाच वाजता दोन पोळ्या खायला लागलो आणि सहाचा आकडा तीनवर आला.

भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार गोष्टी प्रत्येक नोंदीत तपासा. आनंदही लिहा. बढती, मुलाचा निकाल, मित्राची वरात यांनी घसरलेले कमी नाहीत. पगाराचा दिवस, गटारी, विसर्जनाची मिरवणूक आणि ३१ डिसेंबर वहीच्या मागच्या पानावर आधीच लिहून ठेवा. त्या दिवशी कुठे असणार आणि सोबत कोण, हेही.

चूक कुठे होते? लोक कारणमीमांसा लिहितात. "बायको समजून घेत नाही म्हणून." ते निदान झालं, नोंद झाली नाही. बायको काय म्हणाली, किती वाजता आणि तुमच्या अंगात काय झालं, तेवढंच लिहा.

पायरी ६ : छोट्या लाटेवर तालीम

व्यसनाचे अभ्यासक ॲलन मारलॅट यांनी तलफेला लाटेची उपमा दिली. ती चढते, माथ्यावर येते, उतरते. पिऊन आपण तिला मध्येच तोडतो, त्यामुळे ती स्वतःहून उतरते हे आपल्याला कधी कळतच नाही. बहुतेक वेळा ती अर्ध्या तासाच्या आत ओसरते. दारूचं दुकान समोर नसेल तर त्याहूनही लवकर.

पहिली तालीम दहापैकी तीन-चार जोराच्या तलफेवर करा. घरात, आणि कुणीतरी घरी असताना.

१. घड्याळ बघा, वेळ लिहा.

२. मनात म्हणा, "तलफ आली आहे." "मला प्यायची आहे" असं म्हणू नका. दोन्ही वाक्यं स्वतःशी बोलून पाहा, फरक कळेल.

३. ती अंगात कुठे आहे ते शोधा. घसा, जीभ, छाती, पोट, तळहात. एक जागा पकडा. गरम आहे का गार, आवळतंय का सळसळतंय, जागा सरकते का, बघा.

४. तिथे लक्ष ठेवून श्वास चालू द्या. ती वाढेल, वाढू द्या. डोकं युक्तिवाद करील. "एकच क्वार्टर", "आज शनिवार", "बिअर म्हणजे काय दारू आहे का". हेही लाटेतलंच पाणी. "युक्तिवाद आला" एवढं म्हणा आणि परत अंगाकडे या.

५. दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. ४, ५, ५, ३, २.

ही आकड्यांची ओळ जपून ठेवा. लाट उतरते याचा तुमच्याच अक्षरातला पुरावा आहे तो.

सावधान : मुद्दाम बारसमोर उभं राहून, बाटली समोर ठेवून, मित्रांच्या पार्टीत सोडा पीत हे करून पाहू नका. "स्वतःची परीक्षा घेतो" म्हणत गेलेले बरेच जण पुढच्या आठवड्यात ग्रुपला दिसत नाहीत. आणि अर्ध्या तासाने आकडा उतरण्याऐवजी चढत असेल तर बसून राहू नका. फोन करा, बाहेर पडा, ग्रुपच्या मीटिंगला जा.

पायरी ७ : ऐन वेळी, एका मिनिटात

रस्त्यात वही काढायला वेळ नसतो. तेव्हासाठी हे पाच शब्द पाठ करा : थांबा, पाहा, श्वास, अंग, पाऊल.

थांबा, म्हणजे खरोखर पाय थांबवा. रिक्षात असाल तर हातातला मोबाइल खाली ठेवा. पाहा, काय चाललंय : तलफ आहे, राग आहे, भूक आहे. श्वास, फक्त तीन. अंग, तळवे जमिनीला, खांदे सैल, जबडा सुटा. आणि मग पाऊल.

हे शेवटचं लोक विसरतात. एक जण लग्नात दोस्तांच्या टेबलावर बसून मन लावून श्वास मोजत होता. तेराव्या श्वासाला ग्लास हातात होता. श्वासाने तुम्हाला मिनिटभराची फट मिळते. त्या फटीतून उठून चालू लागायचं असतं. रस्ता बदला, वडापाव खा, घरी फोन करा. पाऊल कोणतं, ते आधीच ठरवून पाकिटातल्या चिठ्ठीवर लिहून ठेवा. त्या क्षणी सुचत नाही.

तपासा : ही एका मिनिटाची कसरत दिवसातून तीनदा, तलफ नसताना केली आहे का? बसची वाट बघताना, लिफ्टमध्ये, सिग्नलला?

पायरी ८ : घरातला ताण

इथे मी जरा थांबणार आहे, कारण घसरण्याची जी कारणं ग्रुपमध्ये ऐकतो त्यांत बारपेक्षा घराचा दरवाजा जास्त येतो.

रात्रीचे सव्वाआठ. आज उशीर झालाय, ट्रेन खरंच लेट होती. बेल वाजवता. बायको दार उघडते, काही बोलत नाही, बाजूला सरताना जरा जवळ येते आणि नाकाने हळूच श्वास घेते. एक सेकंद. ९० दिवस झालेत सोडून आणि ही अजून हुंगतेय! कान तापतात, छातीत काहीतरी वर चढतं, आणि तोंडातून निघतं, "हुंग, नीट हुंग!" मग ती बोलते, मग पोरगी आतल्या खोलीत जाते. मग चप्पल पुन्हा पायात आणि डोक्यात एकच वाक्य : विश्वास नाहीच, तर प्यायलेलं काय वाईट?

या प्रसंगाची तालीम आधी करा. बेल वाजवण्यापूर्वी जिन्यात तीन श्वास. दार उघडेल तेव्हा हुंगणं होणार हे धरून चाला. ते झालं की कान तापतील, तिकडे लक्ष द्या. मनात म्हणा, "कान तापले." मग आधीच ठरवलेलं वाक्य बोला. माझं होतं, "गाडी लेट होती, हातपाय धुऊन येतो." मोरीत जा. गार पाणी मनगटांवर दोन मिनिटं सोडा आणि ते पाणी जाणवू द्या.

तिचं हुंगणं थांबवण्याचा प्रयत्न करू नका. तिच्याही शरीराला बेलचा आवाज लक्षात आहे. कितीतरी रात्री त्या बेलनंतर काय झालं, ते तुम्हाला आठवत नसेल, तिला आठवतं. तिची धडधड तुमच्या ९० दिवसांनी कमी होत नाही. बऱ्याच व्यसनमुक्ती केंद्रांत घरच्यांसाठी वेगळे गट असतात. तिला जायचं असेल तर मुलांना सांभाळायला त्या वेळी तुम्ही घरी थांबा.

आणि घरात "मी आता सजग आहे" असं जाहीर करू नका. भांडणात "तू जरा श्वास घे" हे तर कधीच नाही.

पायरी ९ : घसरलात तर

पिऊन झाल्यावर ध्यानाला बसू नका, त्याचा उपयोग नाही. त्याच दिवशी एका माणसाला सांगा. समुपदेशक, ग्रुपमधला जुना मेंबर, भाऊ, जो फोन उचलेल तो. डायसल्फिराम चालू असताना प्यायलात आणि चेहरा लाल होऊन धाप, उलट्या, छातीत धडधड सुरू झाली, तर लगेच दवाखाना गाठा. पुन्हा दोन-चार दिवस सलग पिणं झालं असेल तर परत पायरी १, डॉक्टरांकडून.

सावधान : हा लेख गर्द किंवा ब्राउन शुगर सोडलेल्या कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी : मधल्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वीचा डोस आता जीव घेऊ शकतो.

घसरल्यानंतरचा सगळ्यात धोकादायक विचार असा असतो : "आता मोडलंच, तर आज पिऊनच घेऊ, उद्यापासून बघू." तो येणारच. त्यालाही तलफेसारखंच नाव द्या. मग छातीतली शरम अंगात कुठे बसली आहे ते बघा. तिच्याकडे बघवत नाही म्हणूनच दुसरी बाटली उघडली जाते.

शुद्ध नीट आल्यावर वहीत मागच्या २४ तासांची नोंद करा, तासातासाने. सकाळी काय खाल्लं, कुणाचा फोन आला, कुठली गल्ली घेतली. पहिला घोट ही बहुतेक वेळा सहावी-सातवी गोष्ट निघते. तिच्या आधीच्या कोणत्या ठिकाणी पाय थांबवता आले असते, तिथे पेनाने गोल करा. पान फाडू नका.

दुसऱ्या दिवशी डोकं दुखत असेल, तोंड कोरडं असेल, घरात कुणी बोलत नसेल. पाणी प्या, काहीतरी खा, औषधं घ्या. मग पायरी ३ चा पहिला दिवस : खुर्ची, डोळे उघडे, चपला काढलेल्या, तीन मिनिटं तळवे.